आसियानचा जाहीरनामा की संयुक्त राष्ट्रांची वाट: तक्रार लिहिण्यापूर्वी

आग्नेय आशियातलं प्रकरण हाताशी आहे, निवेदन किंवा तक्रार लिहायची आहे, पण आधार कशाचा घ्यायचा हे ठरत नाही. अशा वेळी आसियानचा (आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा) 2012 चा मानवी हक्क जाहीरनामा पटकन समोर येतो, कारण तो तिथल्याच सरकारांनी मान्य केलेला आहे. आमचा सल्ला असा: मुख्य आधार संयुक्त राष्ट्रांचा घ्या. आसियानचा जाहीरनामा फार तर जोडीला ठेवा, तोही निवडक कलमांपुरता.

18 नोव्हेंबर 2012 रोजी नॉम पेन्हमध्ये दहा देशांच्या नेत्यांनी तो मंजूर केला. मसुदा तयार होत असताना तो अधिकृतपणे लोकांपुढे ठेवलाच नव्हता. जनसंघटनांशी प्रादेशिक पातळीवर चर्चा झाल्या त्या थेट जून आणि सप्टेंबर 2012 मध्ये. साठहून अधिक संघटनांनी मंजुरी पुढे ढकला म्हणून सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या तेव्हाच्या मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्लै यांनीही तेच सुचवलं. कुणी ऐकलं नाही. मंजुरीनंतर पन्नासहून अधिक संघटनांनी जाहीर केलं की हा दस्तऐवज आम्ही आमच्या कामात वापरणार नाही. ही भूमिका टोकाची वाटू शकते, पण मजकूर शेजारी-शेजारी ठेवून वाचला की तिच्यामागचं कारण कळतं.

सगळा घोळ 6 ते 8 या कलमांत आहे. कलम 6 म्हणतं, हक्कांचा उपभोग कर्तव्यांशी तोलला पाहिजे. कलम 7 हक्क सार्वत्रिक असल्याचं मान्य करतं आणि लगेच प्रादेशिक व राष्ट्रीय संदर्भ, राजकीय, सांस्कृतिक, धार्मिक पार्श्वभूमी लक्षात घ्या असं सांगतं. 1993 च्या व्हिएन्ना जाहीरनाम्यातही (संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत मंजूर झालेला) असंच वाक्य आहे. पण तिथे त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की व्यवस्था कोणतीही असो, सर्व हक्कांचं रक्षण हे राज्यसंस्थेचं कर्तव्य आहे. आसियानच्या कलमात हा उत्तरार्ध गाळला आहे.

कलम 8 सर्व हक्कांवर सरसकट मर्यादा घालायची मुभा देतं. त्याचे समर्थक म्हणतात, संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातल्या कलम 29 मध्येही अशी मर्यादा आहेच. ते खरं आहे. पण इतरांच्या हक्कांखेरीज तिथे कारणं तीनच: नैतिकता, सार्वजनिक सुव्यवस्था, सर्वांचं कल्याण. आसियानने त्यांत राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य आणि सार्वजनिक सुरक्षितता यांची भर घातली. उलट संयुक्त राष्ट्रांच्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात अशी एक सर्वव्यापी मर्यादा नाही. अभिव्यक्ती, शांततामय सभा, संघटना या हक्कांवर बंधन घालायचं तर ते कायद्याने घातलेलं आणि आवश्यक असावं लागतं, आणि ही अट त्या-त्या कलमातच आहे. छळापासून मुक्ततेसारखा हक्क तर आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. आसियानच्या मजकुरात छळबंदीचं कलम 14 सुद्धा कलम 8 च्या छत्राखालून वगळलेलं नाही.

आणखी काय गळलं आहे तेही पाहा. संघटना स्थापण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य नाही. सक्तीने बेपत्ता करण्याबद्दल एक शब्द नाही. लाओसचे समाजकार्यकर्ते, 2005 चे मॅगसेसे पुरस्कार विजेते सोम्बाथ सोम्फोन जाहीरनाम्यानंतर महिन्याच्या आत, 15 डिसेंबर 2012 रोजी व्हिएन्टिअनमध्ये बेपत्ता झाले. पोलीस चौकीपाशी त्यांची गाडी थांबवल्याचं सीसीटीव्ही चित्रणात दिसतं. या जाहीरनाम्यात त्यांच्या कुटुंबाला बोट ठेवायला नेमकं कलम सापडत नाही.

आता तक्रार नेमकी द्यायची कुठे? आसियानचा आंतरसरकारी मानवी हक्क आयोग 2009 पासून आहे. त्याचे प्रतिनिधी सरकारं नेमतात, निर्णय सहमतीने होतात, म्हणजे एका देशाने मान हलवली नाही तर विषय तिथेच अडतो. तक्रारीची चौकशी करून निवाडा द्यायचा अधिकार त्याला नाही.

संयुक्त राष्ट्रांकडे वाटा बऱ्याच आहेत, पण प्रत्येकीची अट वेगळी. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या मानवी हक्क समितीकडे वैयक्तिक तक्रार करायची तर देशाने त्या कराराचा पहिला ऐच्छिक प्रोटोकॉल (अशा तक्रारींना मुभा देणारा जोडकरार) स्वीकारलेला असावा लागतो, आणि 2012 च्या दहा देशांपैकी तो फक्त फिलिपिन्सने स्वीकारला आहे. मलेशिया, सिंगापूर, ब्रुनेई आणि म्यानमार तर मूळ करारातच नाहीत. शिवाय देशांतर्गत न्यायालयीन उपाय आधी संपवावे लागतात. अनेक तक्रारी इथेच बाद होतात. (भारतानेही हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, तेव्हा आपल्याकडची तक्रारही या वाटेने जात नाही.)

म्हणून बहुतेक प्रकरणांत संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक आणि कार्यगट (एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) हीच पहिली निवड असावी. करार स्वीकारलेला असण्याची अट नाही, स्थानिक न्यायालयाचा निकाल यायची वाट पाहावी लागत नाही. तारीख, ठिकाण, पीडित व्यक्तीची संमती आणि कोणत्या यंत्रणेवर आरोप आहे, एवढं नीट लिहा. माणूस बेपत्ता असेल तर सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीच्या कार्यगटाकडे तीन महिन्यांच्या आत जा, म्हणजे तातडीची प्रक्रिया लागू होते. मुद्दा एका व्यक्तीचा नसून कायद्याचा असेल तर वैश्विक नियतकालिक आढाव्यासाठी (संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्क स्थितीचा ठरावीक काळाने होणारा आढावा) निवेदन द्या. एका संघटनेला 2,815 शब्दांची मर्यादा आहे, संयुक्त निवेदनाला 5,630. या वाटांनी सरकारवर कायदेशीर बंधन येत नाही, पण प्रश्न नोंदला जातो आणि सरकारकडे अधिकृतपणे उत्तर मागितलं जातं.

आसियानचा जाहीरनामा कामाला येतो तो पाणी, स्वच्छता आणि पर्यावरण यांबाबत. कलम 28 मध्ये सुरक्षित पिण्याचं पाणी आणि सुरक्षित, स्वच्छ पर्यावरण यांचा हक्क स्पष्ट लिहिला आहे, आणि 1948 च्या मजकुरात तो शब्दांत नव्हता. धरण किंवा खाणीच्या प्रकरणात तो जरूर उद्धृत करा. मात्र सोबत जाहीरनामा मंजूर झाला त्याच दिवशीचं नॉम पेन्ह निवेदन जोडा. जाहीरनाम्याची अंमलबजावणी वैश्विक जाहीरनामा आणि व्हिएन्ना जाहीरनाम्याला धरून होईल, अशी हमी नेत्यांनी त्यात दिली आहे. सरकार कलम 7 किंवा 8 पुढे करील तेव्हा हेच वाक्य उपयोगी पडतं. कामगार संघटनेचं प्रकरण असेल तर कलम 27 वापरू नका. तो हक्क तिथे राष्ट्रीय कायदे आणि नियमांच्या अधीन ठेवला आहे, आणि बहुधा तक्रार त्याच कायद्यांविरुद्ध असते.