चांगदेवचं बोटिंग : इंजिन फर्स्टक्लास, पायऱ्या बेताच्या

नोकरी सगळी भुसावळच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे बोटीत बसलो तरी माझं लक्ष आधी इंजिनाकडे जातं. बायको म्हणते, तुम्हाला संगमावर आणून उपयोग काय! म्हणू दे. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमाजवळ एक भोई कुटुंब घरच्या घरी बोटिंग चालवतं, त्याबद्दल लिहायचं तर इंजिनापासूनच सुरुवात करावी लागेल.

इथलं सगळं पाणी म्हणजे हतनूर धरणाचा फुगवटा. दिसायला समुद्र, पण खाली गाळच गाळ. आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवलेलं इंजिन, गार राहतं ते नदीचंच पाणी जाळीतून खेचून, आणि ते पाणी मागच्या बारीक भोकातून धारेनं बाहेर पडत असतं. गाळाने जाळी तुंबली की धार बारीक होते. तसंच दामटलं तर इंजिन जळालंच समजा. थोरला भाऊ, ज्याला सगळे आप्पा म्हणतात, समोर बघून बोट हाकतो, पण दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून ती धार बघतो. आमच्या फेरीत धार मध्येच बारीक झाली. गड्याने लगेच इंजिन बंद केलं, वर उचललं, खिशातली तार घालून जाळी साफ केली आणि तोवर धाकट्याने बांबू लावून बोट उथळातून बाहेर काढली. मी विचारलं तर म्हणे, ‘पानी बंद त इंजिन बंद, भो. नवीन घ्याले पैसे कुठून आनू?’ पेट्रोलमध्ये ऑइलसुद्धा अंदाजाने ओतत नाही, मापाचा प्याला आहे, लिटरला 20 मिली. आमच्या शेडमध्ये अशी दोन पोरं असती तर फोरमनचं बीपी कमी राहिलं असतं.

धाकटा आणखी एका कामात पटाईत. मासेमारीच्या जाळ्यांची तुटकी नायलॉन दोरी पंख्यात अडकते, तेव्हा हा विळा घेऊन पाण्यात उतरतो. कापलेली दोरी परत नदीत न टाकता डब्यात भरून आणतो, हे विशेष.

आठ माणसांच्या बोटीत आठच घेतात. महाशिवरात्रीला इथे मुक्ताई-चांगदेवाची मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत एक कुटुंब ‘लेकरू मांडीवर घेतो’ म्हणून हुज्जत घालत होतं. तिकिटावर बसलेल्या वहिनींनी सांगितलं, ‘लेकरू बी माणूसच हाय दादा,’ आणि विषय संपवला. मात्र लाइफ जॅकेट सगळी मोठ्या मापाची. माझ्या सहा वर्षांच्या नातीला जे घातलं ते कानापर्यंत आलं, शेवटी आप्पाने खालून गमछा घालून बांधलं. गमछ्याने वेळ निभते, पण रोज पोरं बसवता तर लहान मापाची चार तरी ठेवा. तोंडावर सांगितलंय, इथेही लिहितो.

पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी हिवाळ्यात सकाळी लवकर गाठावं. चक्रवाक, थापट्या, नशीब असेल तर पट्टकदंब. कॅमेरेवाले दिसले की आप्पा लांबूनच इंजिन बंद करून बांबूवर बोट नेतो, त्याचे पैसे जास्त घेत नाही. वेळ मात्र दुप्पट लागतो, तेव्हा बसस्टँडची घाई घेऊन येऊ नका.

ज्यांची स्वतःची फायबरची बोट आहे त्यांना महिन्याच्या भाड्याने बांधायला जागा मिळते. तडा गेला तर फायबरचं कापड (मॅट) आणि ते चिकटवणारं रेझिन लावून देतात. मी असा एक जोड बोटाने ठोकून पाहिला, आवाज भरीव होता. इंजिनाचे सुटे भाग मात्र इथे मिळत नाहीत, ते तुमचे तुम्ही आणायचे.

खाणं मावशी बघतात, म्हणजे आप्पाची आई. मासे देवळापासून लांबच्या चुलीवर, एकादशीला तेही बंद. मी सांगेन, थंडीत भरीत मागा. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजतात, हिरवी मिरची-लसूण-शेंगदाणे कुटून घालतात, सोबत कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी. चहा मात्र नुसता साखरेचा पाक, तो मुक्ताईनगरला हायवेवर प्यावा.

स्वच्छतागृह एकच, कडी आतून लागत नाही. पाण्याची बादली स्वतः भरून न्यायची. बायकांची फार अडचण होते. इंजिनाची एवढी निगा राखणाऱ्या घराला एक कडी बसवता येऊ नये?

पैसे फोनवरून चालतात, पण घाटावर रेंज येते-जाते, सुटे जवळ ठेवा. गाडी वरच्या मोकळ्या जागेत लावायची. चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ तिथून पायी होतं, कोरीव काम आधी ऊन चढायच्या आत बघून घ्यावं.

पावसाळ्यात हतनूरचे 41 दरवाजे उघडझाप होत असतात, पाण्याला ओढ असते, तेव्हा हे लोक बोटी काढत नाहीत. कोणी गळ घातली तरी नाही. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसा धक्काही खाली सरकतो, मग पायऱ्या संपून नुसता चिखल आणि त्यावर टाकलेल्या फळ्या. म्हातारी माणसं सोबत असतील तर दिवाळी ते शिवरात्र या दिवसांतच जा, आणि तिकीट काढायच्या आधी वहिनींना विचारा की आज शेवटची पायरी पाण्यात आहे का.