ऐरणीची कड भरून घेतली: चार महिन्यांनंतरचं मत

वडिलांची ऐरण, ७० किलोची. पुढची कड बोटभर तुटलेली, त्यामुळे कडेवर पट्टी वाकवली की तिथे खळगा उमटायचा. आधी एका ठिकाणी भरून आणली होती. तिथल्या वेल्डरने थंड ऐरणीवरच साधा वेल्डिंग रॉड चालवला आणि वरून ग्राइंडर मारून तोंड, म्हणजे घाव बसतो तो वरचा सपाट भाग, आरशासारखं करून दिलं. आठवड्यात घणाच्या घावाला भरलेला तुकडा उडाला, सोबत मूळ पोलादाचा टवकाही गेला. फार जिवाला लागलं.

या वेळच्या वेल्डरने मशीन लावण्याआधी बेअरिंगची गोळी १० इंचांवरून सोडून बघितली; जितकी जास्त उसळेल तितकं पोलाद कडक. मधोमध ७ इंच उसळली, कडेला जेमतेम ५. मग कानस फिरवली: तोंडावर घसरली, अंगाला लागली. म्हणजे अंग मऊ, वर कडक पोलाद. "बिडाची असती तर मी घेतलीच नसती," म्हणाले.

जुनं भरण आणि सगळ्या चिरा त्यांनी घासून काढल्या. मग अख्खी ऐरण सावकाश २०० अंशांपर्यंत तापवली, मधूनमधून ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने तपासत. एवढं जाड लोखंड थंड असलं तर वेल्डची उष्णता झटकन ओढून घेतं आणि जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं. फार तापलं तर तोंडाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो. ७०१८ या जातीचे वेल्डिंग रॉड गरम पेटीतून एकेक काढले, कारण दमट रॉडने आत चीर धरते. वरचे थर हार्डफेसिंगचे, म्हणजे घाव सोसणाऱ्या कडक धातूचे. शेवटी ऐरण रात्रभर राखेत गाडून ठेवली.

घासलं फक्त भरलेलं. तोंडावरचे बारीक खड्डे तसेच ठेवले. मी म्हटलं, त्यावरूनही एक हात मारा ना. "ते पोलाद परत कुठून आणणार?" पटलं मला.

आता गोळी त्या कडेवर साडेसहा इंच उसळते. रोज घाव बसतोय, चीर नाही. कड मात्र फार धारदार ठेवली होती, ती मी घरी किंचित गोल केली. नाहीतर चुकला घाव बसताच टवका गेला असता. शिंगाच्या (ऐरणीच्या निमुळत्या टोकाच्या) मुळाशी सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलंय. तिथे घाव पडत नाही, पण देताना सांगायला हवं होतं. दोन दिवस म्हणून सहा लागले, त्याची तक्रार नाही.

पहिल्या दिवशी आवाज ऐकून वडील बाहेर आले. कडेवरून अंगठा फिरवत भरलेली जागा शोधत राहिले. बोटाला लागली नाही. उन्हात बघितल्यावर रंगाच्या फरकाने दिसली.