‘सीएसआरमधून दीड लाख’: आमच्या युवक मंडळाची झालेली फसवणूक

तुमच्या गावातल्या युवक मंडळाला ‘सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायच्या पैशातून, छोट्या सामाजिक प्रकल्पासाठी दीड लाखाचं अनुदान’ असा निरोप आला असेल, तर उत्तर देण्याआधी हे वाचा. अशाच निरोपातून आमचं मंडळ फसवलं गेलं. पैसे गेलेच, शिवाय मंडळाचं बँक खातंही गोठलं. हा दुसरा भाग फार जणांना माहीत नसतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव भूम तालुक्यात, खव्याच्या भट्ट्या आणि सोयाबीनवर चालणारं. पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली बरीच आहेत. घर दोन खोल्यांचं, पहाटेपासून भट्टीचा धूर, आणि पुण्याला जाऊन राहणं प्रत्येकाला परवडत नाही. मुलींना तर घरून सोडतच नाहीत. म्हणून गावातच अभ्यासिका काढायचं ठरलं. ग्रामपंचायतीने ठराव करून समाजमंदिराची एक खोली दिली. टेबलं, इन्व्हर्टर आणि पुस्तकं एवढंच हवं होतं.

मी मंडळाची सचिव. मंडळ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेलं आहे. पॅन आहे, खातं आहे. मात्र प्राप्तिकराचं १२ए आणि ८०जी, म्हणजे संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या नोंदण्या, आमच्याकडे नाहीत. अनुदान देतो म्हणून फोन करणाऱ्या माणसाने पहिल्याच बोलण्यात हे विचारून घेतलं.

“ताई, ८०जी नसलं तरी चालतंय. आमच्या संस्थेमार्फत तुम्हाला उपप्रकल्प देऊ,” असं तो म्हणाला. त्याची भाषा आपल्याच भागातली होती. गावाचं नाव, सरपंचांचं नाव, मागच्या वर्षीच्या रक्तदान शिबिराचे फोटो, सगळं त्याला माहीत होतं. हे सगळं मंडळाच्या फेसबुक पानावर आहे, पण फोनवर ऐकताना कुणीतरी आपलं काम बघून आलंय असंच वाटतं. वर्षानुवर्षं वर्गणी मागत फिरणाऱ्या पोरांना असं कुणी विचारत नाही. त्याने नेमकं हेच हेरलं होतं.

त्याने पाठवलेल्या कागदांत नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवरच्या नोंदणीचं पान होतं, एका ट्रस्टचं ८०जी होतं आणि अशोकस्तंभ छापलेलं मंजुरीपत्र होतं. दर्पणवरची नोंदणी फुकट असते. त्या संस्थेने आपली माहिती तिथे भरली आहे, एवढाच तिचा अर्थ. नीती आयोगाने तिच्या कामाची हमी घेतली, असा नाही. आणि खाजगी संस्थेला पत्रावर अशोकस्तंभ छापताच येत नाही. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. गावात मात्र सिंहाचा शिक्का दिसला की पत्र सरकारी, असंच धरलं जातं.

पुढे पैसे पायरीपायरीने गेले. आधी फाईल चार्ज १,१०० रुपये. मग ‘सीए’कडून प्रकल्प अहवाल करून घेण्याचे ६,५००. मग अनुदानाच्या पाच टक्के परतीची अनामत, म्हणजे ७,५००. आणि शेवटी, रक्कम ‘रिलीज’ व्हायच्या आधी टीडीएस म्हणून १५,०००. प्रत्येक रक्कम वेगळ्या यूपीआयवर गेली आणि दर वेळी समोर संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचंच नाव आलं. विचारलं की “ते आमचे अकाउंटंट” हे उत्तर तयार असायचं. टीडीएस हा कर पैसे देणारा देताना कापून घेतो. घेणाऱ्याने तो आधी पाठवायची पद्धत कुठेच नाही. हे एक वाक्य तरी प्रत्येक मंडळाच्या खजिनदाराने लक्षात ठेवावं.

हे पैसे गणपतीच्या शिल्लक वर्गणीतले होते. त्यात दोघा-तिघांनी काढणीच्या मजुरीतून भर घातली होती.

घाईसाठी त्याने ३१ मार्चचं कारण दिलं. त्यात खोट्याला थोड्या खऱ्याची जोड होती. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफा, उलाढाल किंवा निव्वळ मालमत्ता असलेल्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि हा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो. पण वर्षअखेर आली म्हणून कंपनी अनोळखी मंडळांना पैसे वाटत सुटत नाही. चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची सोय कायद्यातच आहे. शिवाय कंपनीच्या वतीने सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेला १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. हा क्रमांक मागा. कंपनीचं नाव मागा. सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकायचे असतात, ते बघा आणि थेट कंपनीलाच लिहून विचारा. आम्हाला कंपनीचं नाव शेवटपर्यंत ‘गोपनीय’ म्हणून सांगितलं गेलं नाही.

आता खात्याचं. टीडीएसचे पैसे गेल्यावर मंडळाच्या खात्यावर खरोखरच ४८,००० रुपये आले. पोरांनी पेढे आणले. तासाभरात फोन आला: “दुसऱ्या तालुक्याचा हप्ता चुकून तुमच्याकडे आला, तुमचा उद्या पडेल, एवढा लगेच फिरवा.” खजिनदाराने प्रामाणिकपणे, दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे नको म्हणून, त्याने दिलेल्या खात्यावर तो पाठवून दिला. ते पैसे परराज्यातल्या फसवल्या गेलेल्या कुणाचे तरी होते. त्या माणसाने तक्रार केली, माग आमच्या खात्यापर्यंत आला आणि बँकेने खातं गोठवलं. चोरीच्या पैशाची वाट म्हणून नोंदणीकृत मंडळाचं खातं वापरलं गेलं. त्यांना आमच्या तीस हजारांपेक्षा या खात्याचीच जास्त गरज होती, असं मला आता ठामपणे वाटतं.

म्हणून अनोळखी रक्कम खात्यावर आली तर स्वतः परत पाठवू नका. बँकेत लेखी कळवा, पोच घ्या, आणि रक्कम परत करायची ती बँकेमार्फतच. ठरावाची प्रत, पदाधिकाऱ्यांचे आधार, कोरे लेटरहेड, सही केलेले धनादेश यांतलं काहीही व्हॉट्सॲपवर देऊ नका.

सीएसआरच्या नावावर याहून मोठ्या फसवणुकीही झाल्या आहेत. केरळात २०२५ च्या सुरुवातीला उघड झालेल्या प्रकरणात निम्म्या किमतीत स्कूटर मिळेल, उरलेले पैसे कंपन्यांच्या सीएसआरमधून येतील, असं सांगून हजारो लोकांकडून, त्यातही मुख्यतः बायकांकडून, आगाऊ रक्कम घेतली गेली. आमच्यासारख्या मंडळाकडून गेलेली रक्कम छोटी असते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. गावात नाव जाईल या भीतीने पोरं गप्प बसतात. फसवणारे या गप्पपणावरच जगतात.

आम्ही १९३० वर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. हा फोन जितक्या लवकर होईल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा ओळख क्रमांक), चॅट आणि कॉलची नोंद जपून ठेवा. रागाच्या भरात नंबर ब्लॉक करून चॅट उडवू नका. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवायची लेखी मागणी करा आणि अर्जावर पोच घ्या. खातं सोडवण्यासाठी आम्ही कार्यकारिणीचा ठराव, खातेउतारा आणि आमच्या तक्रारीची प्रत परराज्यातल्या तपास अधिकाऱ्याला पाठवली आहे. बँकेत पाठपुरावा चालू आहे.

खरी मदत करणाऱ्या संस्थाही आम्ही पाहिल्या आहेत. त्या आधी काम विचारतात. कोण मुलं येणार, मुलींसाठी वेळ काय, वीजबिल कोण भरणार, गेल्या वर्षीचा हिशेब कुठे आहे. प्रश्नांनी जीव मेटाकुटीला येतो, पण पैसे मागत नाहीत. या माणसाने अभ्यासिकेबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

धाराशिव, बार्शी, करमाळा या पट्ट्यात कुणाला असा निरोप आला असेल तर तक्रार नोंदवाच. बोलण्याची पद्धत, पत्राचा नमुना आणि रकमा जुळत असतील तर आपल्या तक्रारीत तसं लिहा. वेगवेगळ्या ठाण्यांतल्या तक्रारी एकाच टोळीपर्यंत पोहोचायला त्याचाच उपयोग होईल.