ऑब्जेक्टडिस्पोझिंग इव्हेंट सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

परभणीच्या मोंढ्यातील काही आडत दुकानांसाठी आम्ही एक वेब ॲप्लिकेशन सांभाळतो. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढल्यापासून त्याच्या हाती पट्टी पडेपर्यंतचा सगळा हिशेब, म्हणजे वजन, भाव, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल, त्यात नोंदवला जातो. ॲप्लिकेशन एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या वेब तंत्रात आहे आणि त्यातील बहुतेक पाने ग्रिडव्ह्यू (माहितीचा तक्ता दाखवणारा कंट्रोल, म्हणजे पानाचा तयार घटक) आणि ऑब्जेक्टडेटासोर्स (त्या तक्त्याला माहिती पुरवणारा कंट्रोल) या जोडीवर उभी आहेत. मागच्या जून महिन्यात, पेरण्या सुरू असताना आणि मोंढा थंड असताना, मी या पानांची दुरुस्ती हाती घेतली. तेव्हापासून ऑब्जेक्टडेटासोर्सचा ऑब्जेक्टडिस्पोझिंग हा इव्हेंट, म्हणजे ऑब्जेक्ट मिटवण्याआधी कंट्रोल देतो ती सूचना, माझ्या रोजच्या वापरात आहे. त्याच्याविषयी मी एकदा मोठी चूक केली, ती दुरुस्त केली, आणि आता तो कुठे वापरावा व कुठे त्याला हात लावू नये याबद्दल माझे मत पक्के झाले आहे. जुनी वेब फॉर्म्स ॲप्लिकेशन्स सांभाळणारे आपल्याकडे अजून पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

ऑब्जेक्टडेटासोर्स २००५ मध्ये एएसपी डॉट नेट २.० बरोबर आला. पानावर थेट एसक्यूएल न लिहिता आपल्या स्वतःच्या क्लासमधील मेथड ग्रिडला जोडता यावी, हा त्याचा हेतू. टाइपनेममध्ये क्लासचे नाव आणि सिलेक्टमेथडमध्ये मेथडचे नाव दिले की ग्रिडने माहिती मागितल्यावर हा कंट्रोल त्या क्लासचा ऑब्जेक्ट स्वतः तयार करतो, मेथड चालवतो, ऑब्जेक्ट सोडून देतो आणि आलेली माहिती ग्रिडच्या हवाली करतो. सोडण्याच्या अगदी आधी ऑब्जेक्टडिस्पोझिंग येतो. इव्हेंटच्या आर्ग्युमेंटमध्ये ऑब्जेक्टइन्स्टन्स मिळतो, तो फक्त वाचता येतो, बदलता येत नाही, आणि कॅन्सल हा गुण ट्रू केला तर कंट्रोल त्या ऑब्जेक्टचे डिस्पोज, म्हणजे त्याने धरलेली साधने सोडणारी मेथड, चालवत नाही. क्लासने आयडिस्पोझेबल, म्हणजे डिस्पोज मेथड देण्याचा करार, स्वीकारलेला नसेल तरी इव्हेंट येतो, फक्त त्यानंतर चालवायला काही नसते. मेथड स्टॅटिक (ऑब्जेक्टशिवाय चालणारी) असेल तर ऑब्जेक्टच तयार होत नाही, त्यामुळे हा इव्हेंटही येत नाही आणि ऑब्जेक्ट तयार होण्याआधी येणारा ऑब्जेक्टक्रिएटिंगही येत नाही.

इथवर सगळे सोपे आहे. अडचण आहे ती क्रमात. मेथड संपली की आधी सिलेक्टेड हा इव्हेंट येतो, मग ऑब्जेक्टडिस्पोझिंग, मग प्रत्यक्ष डिस्पोज, आणि त्यानंतर कुठे ग्रिड आपल्या ओळी तयार करायला बसतो. म्हणजे टेम्प्लेटमधील मजकूर भरला जात असतो तेव्हा ज्या ऑब्जेक्टने माहिती आणली तो मिटलेला असतो. मेथडने पूर्ण भरलेली यादी परत दिली असेल तर याने काहीच बिघडत नाही. पण मेथडने नुसती क्वेरी परत दिली असेल, किंवा यादीतील नोंदी आपल्याशी जोडलेली माहिती मागाहून आणणाऱ्या असतील, तर ती माहिती मागितली जाते त्या क्षणी डेटाबेसकडे जाण्याचा रस्ता बंद झालेला असतो.

आमच्या पट्टीच्या पानावर नेमके हेच झाले. आमच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एसक्यूएल कनेक्शन उघडले जात असे, तेच एंटिटी फ्रेमवर्क या लायब्ररीच्या काँटेक्स्टला (डेटाबेसशी बोलणाऱ्या ऑब्जेक्टला) दिले जात असे आणि डिस्पोजमध्ये बंद होत असे. पट्टीचा क्रमांक काढणे आणि पट्टी नोंदवणे एकाच कनेक्शनवर व्हावे म्हणून तशी रचना मीच केली होती. ग्रिडमध्ये पट्टीसमोर शेतकऱ्याचे गाव दाखवायचे होते आणि गाव हे शेतकऱ्याच्या नोंदीतून लेझी लोडिंगने, म्हणजे मागितल्यावरच डेटाबेसमधून, येत होते. जूनमध्ये पहिल्यांदा पान चालवले तेव्हा काँटेक्स्ट आधीच डिस्पोज झाला आहे अशी चूक आली. मी दस्तऐवज उघडले, कॅन्सलची सोय दिसली, आणि इव्हेंटमध्ये एकच ओळ लिहिली: ई डॉट कॅन्सल बरोबर ट्रू. चूक गेली, गावे दिसू लागली, आणि मी पुढच्या पानाकडे वळलो. त्या दिवशी मी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही: कंट्रोलने हा ऑब्जेक्ट मिटवायचा नाही, तर मग तो कोणी मिटवायचा?

उत्तर ऑक्टोबरमध्ये मिळाले. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक एकदम वाढली, सगळी दुकाने एकाच वेळी पट्ट्या काढू लागली. एका सकाळी अकराच्या सुमारास एका दुकानातील मुनीमजींचा फोन आला. "साहेब, पान नुसतं फिरायलंय, पट्टी काही निघंना. काट्याची चिठ्ठी घेऊन माणसं उभी आहेत." मागे हमालांचा आवाज येत होता. पाच मिनिटांत आणखी दोन दुकानांचे फोन आले. सर्व्हरवर पाहिले तर प्रोसेसर निवांत होता, मेमरी पुरेशी होती, पण एसक्यूएल सर्व्हरमध्ये आमच्या ॲप्लिकेशनच्या नावावर शंभर सेशन्स, म्हणजे उघडी कनेक्शन्स, होती आणि जवळपास सगळी झोपलेली होती. शंभर हा आकडा दिसताच प्रकार लक्षात आला. डॉट नेटच्या एसक्यूएल कनेक्शन पूलची (पुन्हा वापरायच्या कनेक्शन्सच्या साठ्याची) कमाल मर्यादा वेगळी दिली नसेल तर १०० असते आणि त्यात एकही मोकळे कनेक्शन नसेल तर नवी मागणी १५ सेकंद थांबून टाइमआउटची चूक देते. मी कॅन्सल केलेला प्रत्येक ऑब्जेक्ट आपले उघडे कनेक्शन घेऊन बसून होता. गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणारा डॉट नेटचा भाग, कधी तरी येऊन ती सोडवत होता, म्हणून पावसाळ्यात, पाने कमी उघडली जात असताना, हे कधी दिसले नाही. गार्बेज कलेक्टर मात्र मेमरीची गरज पाहून येतो, कनेक्शन संपत आल्याचे त्याला कळत नाही.

त्या सकाळी आयआयएस या वेब सर्व्हरमधील ॲप्लिकेशन पूल रिसायकल केला, म्हणजे ॲप्लिकेशन नव्याने सुरू केले, आणि पट्ट्या निघू लागल्या. दुपारपर्यंत पुन्हा एकदा तेच करावे लागले. ज्या शेतकऱ्याने पहाटे गाव सोडून माल आणलेला असतो, त्याला माझ्या एका ओळीमुळे तासभर जास्त उभे राहावे लागले, ही गोष्ट मला आजही बोचते.

दुरुस्ती त्याच रात्री केली आणि ती अवघड नव्हती. मेथडमध्येच इन्क्लूड लावून शेतकरी आणि गाव एकाच क्वेरीत आणले, शेवटी टूलिस्ट लावून यादी पूर्ण भरून परत दिली, आणि ती कॅन्सलची ओळ काढून टाकली. आता ऑब्जेक्ट मिटतो तेव्हा ग्रिडला त्याच्याकडून काही मागायचे उरलेले नसते. एक फायदा मागून ध्यानात आला: पूर्वी प्रत्येक ओळीसाठी गावाची वेगळी क्वेरी जात होती, ती गेल्यामुळे पानही झपाट्याने उघडू लागले. म्हणून उशिरा माहिती आणण्यामुळे आलेली चूक झाकायला कॅन्सल कधीही वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ती चूक मेथड अर्धवट माहिती परत देत असल्याची खूण असते आणि तिचा इलाज मेथडमध्येच करायचा असतो.

मग कॅन्सल निरुपयोगी आहे का? नाही. आमच्या दिवसअखेरच्या हिशेबाच्या पानावर त्याचा योग्य वापर आहे आणि तो समाधानकारक चालतो. त्या पानावर तीन ऑब्जेक्टडेटासोर्स आहेत: एक सौद्यांचा, एक हमाली आणि तोलाईचा, एक उचलीचा. तिघांनी एकाच काँटेक्स्टवरून वाचावे अशी गरज होती, म्हणून एका रिक्वेस्टसाठी एकच ऑब्जेक्ट तयार करून तो एचटीटीपी काँटेक्स्टच्या आयटम्समध्ये (त्या रिक्वेस्टपुरत्या साठ्यात) ठेवला आहे. ऑब्जेक्टक्रिएटिंगमध्ये तिन्ही कंट्रोल्सना तोच ऑब्जेक्ट दिला जातो. इथे कॅन्सल केले नाही तर पहिला कंट्रोल आपले काम झाल्यावर तो मिटवून मोकळा होतो आणि दुसऱ्याच्या हाती मेलेला ऑब्जेक्ट येतो. म्हणून तिन्ही ठिकाणी ऑब्जेक्टडिस्पोझिंगमध्ये कॅन्सल आहे, आणि ग्लोबल एएसएएक्स फाइलमधील एंडरिक्वेस्ट या रिक्वेस्टच्या शेवटी येणाऱ्या इव्हेंटमध्ये तो ऑब्जेक्ट एकदाच, नक्की, डिस्पोज केला जातो. हे काम पानाच्या अनलोडमध्येही करता आले असते, पण रिक्वेस्ट मध्येच चूक येऊन संपली तरी एंडरिक्वेस्ट येतो, म्हणून मी ती जागा निवडली. डिपेंडन्सी इंजेक्शनच्या कंटेनरकडून (ऑब्जेक्ट तयार करून पुरवणाऱ्या लायब्ररीकडून) ऑब्जेक्ट घेत असाल तरी हाच न्याय लागू पडतो: ज्याने ऑब्जेक्ट दिला त्यानेच तो मिटवावा, कंट्रोलने त्यात पडू नये. ऑब्जेक्टक्रिएटिंगमध्ये आपण ऑब्जेक्ट दिलेला नसेल आणि तरीही डिस्पोझिंगमध्ये कॅन्सल दिसत असेल, तर आमच्याकडे आता तो कोड पुढे जाऊ दिला जात नाही.

हँडलरमध्ये, म्हणजे इव्हेंट आल्यावर चालणाऱ्या आपल्या कोडमध्ये, काय लिहावे याबद्दलही एक धडा मिळाला. ऑक्टोबरच्या प्रकारानंतर किती ऑब्जेक्ट तयार होतात आणि किती मिटतात हे मोजण्यासाठी मी ऑब्जेक्टक्रिएटेडमध्ये एक नोंद आणि ऑब्जेक्टडिस्पोझिंगमध्ये एक नोंद फाइलमध्ये लिहू लागलो. दोन्ही आकडे जुळत होते आणि तरीही सेशन्स हळूहळू वाढत होती. कारण दोन निघाली. एक तर इव्हेंट आला याचा अर्थ डिस्पोज झाले असा होत नाही. इव्हेंट आधी येतो, डिस्पोज नंतर होते. दुसरे म्हणजे, दोन रिक्वेस्ट एकाच वेळी त्या फाइलवर लिहू लागल्या की लिहून झाल्यावर फाइल बंद करताना कधी कधी हँडलरमध्येच एक्सेप्शन येत होते, आणि हँडलरमध्ये एक्सेप्शन आले की कंट्रोल डिस्पोजपर्यंत पोहोचतच नाही. मेथडमध्ये चूक झाली तरी कंट्रोल ऑब्जेक्ट सोडण्याची काळजी घेतो, पण या हँडलरमध्ये आपण चूक केली तर सावरणारे कोणी नाही. आता मोजणी खुद्द क्लासच्या डिस्पोज मेथडमध्ये आहे, ती इंटरलॉक्डने (एकाच वेळी आलेल्या रिक्वेस्टनी मोजणी बिघडू न देणाऱ्या सोयीने) मेमरीतील आकडा वाढवते, आणि हँडलरमध्ये जिथे गरज आहे तिथे कॅन्सलची एकच ओळ आहे.

कॅशिंगमुळे माझा एक दिवस वाया गेला, तेही सांगतो. आजचे भाव दाखवणाऱ्या पानावर एनेबलकॅशिंग लावलेले आहे, म्हणजे एकदा आणलेली माहिती काही काळ कॅशमध्ये जपून ठेवली जाते. तिथे ऑब्जेक्टडिस्पोझिंग कधी येई, कधी येत नसे, आणि मला वाटले की इव्हेंटची जोडणीच तुटली आहे. प्रत्यक्षात माहिती कॅशमध्ये असेल तेव्हा ऑब्जेक्ट तयारच होत नाही, मग मिटवायचा कशाला? जोडणीबद्दल बोलायचे तर ती मार्कअपमध्ये ऑनऑब्जेक्टडिस्पोझिंग लिहून किंवा कोडमधून स्वतः करावी लागते. पेज लोडसारखी ती नावावरून आपोआप होत नाही.

याच घराण्यातील लिंकडेटासोर्स आणि एंटिटीडेटासोर्स यांच्याकडे काँटेक्स्टडिस्पोझिंग नावाचा भाऊबंद इव्हेंट आहे आणि कॅन्सलची सोय तिथेही आहे. एका छोट्या पानावर मी लिंकडेटासोर्स वापरून पाहिला. तिथेही मालकीचा प्रश्न तोच होता, म्हणून वेगळे लिहिण्यासारखे फार नाही.

वेब फॉर्म्स एएसपी डॉट नेट कोअरमध्ये नाही, त्यामुळे नवे काम या कंट्रोल्सवर सुरू करा असे मी कोणाला म्हणणार नाही. पण डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर चालणारी अशी ॲप्लिकेशन्स अजून कामात आहेत आणि त्यांच्या मागे रोजचे व्यवहार अडकलेले आहेत. ती नीट चालवायची असतील तर हा इव्हेंट समजून घेण्यात घालवलेला वेळ भरून निघतो. त्याची रचना नीटस आहे, तो सांगितल्याप्रमाणेच वागतो, आणि नोव्हेंबरपासून आमच्या सर्व्हरवरील सेशन्स गर्दीच्या वेळीही वीसच्या आत राहिली आहेत.

एक पान मात्र अजून राहिले आहे. गावनिहाय आवकेच्या अहवालात मेथड थेट एसक्यूएल डेटारीडर (उघड्या कनेक्शनवरून एकेक ओळ वाचणारा ऑब्जेक्ट) परत देते. त्याचे कनेक्शन मेथडमध्येच क्लोजकनेक्शन लावून उघडलेले आहे, म्हणजे रीडर बंद झाला की कनेक्शन बंद होते, आणि ग्रिडने शेवटच्या ओळीपर्यंत वाचले तर ते होतेही. पण ओळी भरताना मध्येच चूक आली तर रीडर उघडा राहतो, आणि इथे ऑब्जेक्टडिस्पोझिंगचा उपयोग नाही, कारण त्याच्या हाती येतो तो आमचा ऑब्जेक्ट, परत दिलेला रीडर नव्हे. ती मेथड डेटाटेबल (मेमरीतील तक्ता) भरून परत देईल आणि रीडर तिथेच यूझिंगमध्ये मिटेल, असा बदल लिहून तयार आहे. तुरीची आवक सुरू होण्याआधी तो सर्व्हरवर चढवायचा आहे.