पोर्ट्रेटसाठी जुनी मॅन्युअल लेन्स की ८५ मिमीची ऑटोफोकस?

मिररलेस (आरसा नसलेली) कॅमेरा बॉडी हातात आली आणि पोर्ट्रेटची लेन्स घ्यायची ठरली की दोन रस्ते समोर येतात. एक, सरळ ८५ मिमी एफ १.८ ऑटोफोकस (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अपर्चर, मोठं). दुसरा, जुनी हाताने फोकस करायची लेन्स आणि मध्ये ॲडॉप्टर. नेटवरचे नमुन्याचे फोटो बघत बसून हा निर्णय होत नाही. १२ बाय १८ च्या प्रिंटवर कुठला फोटो कशातून काढलाय हे बहुतेकांना ओळखता येणार नाही. विचारायचं ते एवढंच, की तुमच्यासमोरचा माणूस थांबणार आहे का?

हळद, वरमाला, सप्तपदी थांबत नाहीत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती तर नाहीच नाही. पण मेहनत आटोपून तालमीतल्या हौद्याच्या कडेला बसलेला मल्ल थांबतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तीचे डोळे रेखणारा कारागीर थांबतो, गुजरीत साज घडवणारा कारागीरही. पहिल्या यादीतली कामं तुमच्या पोटापाण्याची असतील तर ऑटोफोकस घ्या. दुसऱ्या यादीसाठी मात्र मॅन्युअलचा विचार जरूर करावा.

असं का, ते आकड्यांत बघू. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ १.८, माणूस २ मीटरवर असेल तर पुढचं-मागचं मिळून साधारण ६ सेंमी शार्प येतं. दीड मीटरवर आलात की ३.२ सेंमी उरतात. हे गणितही प्रिंटच्या जुन्या मापाचं आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनवर १०० टक्के मोठा करून बघणार असाल तर याच्या निम्मंच धरा. बुबुळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतच तीनेक सेंमी जातात. त्यात समोरचा श्वास घेतो, तुम्हीही घेता. उभ्याने काढताना दोघं मिळून सेंमी-दोन सेंमी सहज हलता. डोळा ओळखणारा ऑटोफोकस तेवढं अंतर सतत दुरुस्त करत राहतो, हाताला ते जमत नाही. म्हणून मॅन्युअलवाल्याने एफ २.८ ला घर करावं. दीड मीटरवर ५ सेंमी, २ मीटरवर ९ सेंमी मिळतात, आणि मागचं तरीही छान उडतं. या हिशेबाने पहिली मॅन्युअल लेन्स म्हणून एफ १.२ ची घेणं हा शुद्ध हट्ट आहे.

मॅन्युअलमध्ये नेमकी कुठली घ्यायची म्हणाल, तर पहिलं नाव निकॉर १०५ मिमी एफ २.५. जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी याच लेन्समधून टिपलेली आहे, पण घेण्याचं कारण ते नव्हे. ही लेन्स एफ २.५ लाच कामाची शार्प आहे, फोकस रिंग लोण्यासारखी फिरते, फिल्टर ५२ मिमीचा बसतो. जवळात जवळ १ मीटर. वजन मात्र ४३५ ग्रॅम, वर ॲडॉप्टरचं वेगळं. सोनीची ८५ एफ १.८ ऑटोफोकस ३७१ ग्रॅमची आहे, तेव्हा जुनी लेन्स म्हणजे हलकी, हा समज सोडा.

हेलिओस ४४-२ हे दुसरं नाव, ५८ मिमी एफ २. लोक ती घेतात मागच्या गरगरणाऱ्या बॅकग्राउंडसाठी, आणि निम्म्यांना ते मिळतच नाही. ते दिसायला अपर्चर पूर्ण उघडं लागतं, माणूस दीड-दोन मीटरवर लागतो आणि त्याच्यामागे चांगलं पाच-सहा मीटरवर पानांतून झिरपणारं ऊन लागतं. सपाट भिंतीसमोर काहीच गरगरत नाही. लहान सेन्सरच्या एपीएस-सी बॉडीवर तर कडाच कापल्या जातात. तिथे ही ८७ मिमीच्या नजरेची सरळसाधी पोर्ट्रेट लेन्स होते, जे वाईट नाही. अपर्चरला दोन रिंगा असतात. एकीवर आकडा आधी ठरवायचा, दुसरी उघडमीट करते. उघड्यावर फोकस करून दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवायची, की ठरवलेला आकडा येतो.

ज्युपिटर-९, ८५ मिमी एफ २, पंधरा पात्यांच्या अपर्चरमुळे मागच्या दिव्यांचे गोल ठिपके देते. उघड्यावर मऊ आहे, आणि ग्रीस सुकून जड झालेले नग बरेच फिरतात. १३५ मिमी एफ ३.५ सगळ्यात स्वस्त पडते, पण डोकं-खांदे बसवायला अडीच-तीन मीटर मागे सरावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला लागते. नव्या मॅन्युअलमध्ये सामयांग ८५ एफ १.४ चांगली आहे, पण त्या किमतीत थोडी भर घातली की ऑटोफोकस येते. मग कशाला?

आता ॲडॉप्टर. निकॉन एफ लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिमी अंतर लागतं, हेलिओस ज्यात येते त्या एम ४२ ला ४५.४६, कॅननच्या जुन्या एफडीला ४२. मिररलेसवर सोनी ई ला १८, निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २० मिमीच आहे. उरलेलं अंतर भरायला एक पोकळ नळी पुरते. सोनीवर निकॉरसाठी २८.५ मिमीची. तिच्यात काच नसते आणि नसावी. आरसा असलेल्या डीएसएलआरवर हा सोपेपणा नाही. एम ४२ लेन्स निकॉन डीएसएलआरवर काचेच्या ॲडॉप्टरशिवाय लांबचं पकडत नाही आणि काच घातली की चित्र बिघडतं. कॅनन ईएफवर ती साध्या कड्यावर चालते, मात्र काही फुल फ्रेम बॉडींचा आरसा मागच्या टोकाला घासतो. निकॉन डी ७५०० वर निकॉनची जुनी मॅन्युअल (एआय) लेन्स बसते, पण प्रकाश मोजणारं मीटर चालत नाही. शिवाय डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरची काच एफ २.८ पेक्षा उघड्या अपर्चरचा खरा फोकस दाखवतच नाही. त्यामुळे बॉडी डीएसएलआर असेल तर इथेच थांबा आणि ऑटोफोकस घ्या.

ॲडॉप्टर घेताना लेन्स बसवून हाताने हलवून बघा. खटखट वाजली तर परत करा. एम ४२ ची लेन्स स्क्रूने बसते, म्हणून आकड्यांची खूण कधीकधी बाजूला किंवा खाली येते. बऱ्याच ॲडॉप्टरवर तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल करून कडं फिरवता येतं. लेन्सच्या मागे दाबायची पिन असेल तर ती दाबून ठेवणारा, आतून पट्टी असलेला ॲडॉप्टर मागा. नाहीतर रिंग एफ ८ वर नेली तरी पाती उघडीच राहतात आणि माणूस मीटरला शिव्या देतो.

बॉडीवर पाच गोष्टी करायच्या. ॲडॉप्टरवरची लेन्स कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून लेन्स नसताना शटर सोडण्याची परवानगी चालू करा, नाहीतर बऱ्याच बॉडींवर बटण दाबून काहीच होणार नाही. बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन असेल तर तिथे लेन्सचे मिमी हाताने भरा. १०५ च्या जागी ५० राहिलं तर कॅमेरा हवं त्यापेक्षा कमी सावरतो. व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं चाक आपल्या नजरेला लावा; पडद्यावरचे आकडे स्वच्छ दिसले की झालं. झूम करून बघण्याचं काम अंगठ्याजवळच्या बटणाला द्या. पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय, लाल रंगात आणि सगळ्यात कमी पातळीवर ठेवा.

पीकिंगवर भिस्त ठेवणं ही नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक. ते फोकस मोजत नाही, कडांचा कॉन्ट्रास्ट मोजतं. भुवया, फेट्याची जर, नथीचे मोती सगळं लाल होतं आणि डोळा मागे राहतो. पीकिंगने जवळपास जा, मग जवळच्या डोळ्यावर झूम करा आणि पापण्यांचे केस सुटे दिसेपर्यंत रिंग फिरवा. झूमची चौकट आधीच डोळ्याच्या जागी सरकवून ठेवलीत तर नंतर फ्रेम बदलावी लागत नाही. शेवटी रिंग सोडून द्या, कोपर अंगाला टेकवा आणि अंग किंचित पुढे नेत तीन-चार फ्रेम सलग काढा. एक तरी जागेवर बसते. फोकस ज्या अपर्चरवर काढणार त्याच अपर्चरवर करा. काही लेन्समध्ये अपर्चर बंद करताना फोकस सरकतो. निकॉन झेडएफवर मॅन्युअल लेन्सनेही कॅमेरा डोळा ओळखतो आणि झूम तिथेच नेतो, तेवढं काम वाचतं.

एक्सपोजर अपर्चर प्रायॉरिटीवर नीट येतं. ऑटो आयएसओमध्ये कमीत कमी शटर १/२०० ठेवा. फोटोच्या माहितीत अपर्चरचा आकडा मिळणार नाही. हवाच असेल तर वहीत लिहा.

रंकाळ्यावर संध्याकाळी सूर्य माणसाच्या मागे घेऊन काढाल तेव्हा दोन्हींतला फरक ठळक दिसतो. जुन्या कोटिंगमुळे सगळ्या चित्रावर पांढुरकं सावट येतं आणि काळं करडं होतं. कुणाला तेच आवडतं, पण ऑर्डरच्या फोटोत गिऱ्हाईक त्याला धुरकट म्हणतं. हूड लावा, तरी नाही भागलं तर हाताने सूर्य झाका. नव्या लेन्सला हे फारसं करावं लागत नाही.

जुनी लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढा, अपर्चर उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो फंगस. कडेला दिसलाय, फोटोत येत नाही, असं विकणारा म्हणेल, घेऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो वाढतो आणि कपाटातल्या बाकीच्या लेन्सनाही त्याच दमट हवेत लागतो. थोडी धूळ चालते. पात्यांवर तेल असेल तर आपोआप मिटणाऱ्या अपर्चरची लेन्स टाळा. हेलिओस ४४-२ सारख्या हाताने मिटणाऱ्या लेन्समध्ये त्याने फारसं बिघडत नाही. जून ते सप्टेंबर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतेचं छोटं मीटर घालून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेत जुनी लेन्स मुळीच नेऊ नका. फोकस करताना तिची नळी पुढेमागे होते, सील काही नसतं, गुलाल थेट आतल्या आट्यांत जातो.

अजून ठरत नसेल तर खर्च करण्याआधी हे करा. हातातली कुठलीही लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, ५० मिमीच्या पुढे झूम करा आणि घरातल्या एखाद्याला खिडकीशी बसवून, त्याला बोलतं ठेवून पन्नास फोटो काढा. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सची इलेक्ट्रॉनिक रिंग जुन्या रिंगइतकी नेमकी नसते आणि अपर्चरही तेवढं उघडत नाही, त्यामुळे अंदाज ढोबळच येईल. तरी निम्म्याहून जास्त फोटोंत जवळचा डोळा शार्प आला आणि रिंग फिरवण्याचा कंटाळा आला नाही, तर निकॉर १०५ शोधायला लागा.