रॉयल्टी ६ टक्के की ७? आधी 'एकूण विक्री'ची व्याख्या वाचा

रेस्टॉरंटची फ्रँचायझी घ्यायची आहे आणि दोन करार समोर आहेत. पहिल्यात रॉयल्टी (ब्रँडचं नाव वापरल्याबद्दल कंपनीला द्यायचा हिस्सा) ६ टक्के, दुसऱ्यात ७. बहुतेक जण इथेच पहिल्यावर बोट ठेवतात. माझं सांगणं असं की टक्के नंतर बघा, ते कशावर लागणार ते आधी बघा. रॉयल्टी नफ्यावर नसते, विक्रीवर असते. महिना तोट्यात गेला तरी ती भरावीच लागते. म्हणून 'विक्री' कशाला म्हणायचं, हे सांगणारा परिच्छेद डोळ्यांत तेल घालून वाचायला हवा.

समजा, पहिल्या करारात मेन्यूवरची पूर्ण किंमत म्हणजे विक्री. सवलत दिली, डिलिव्हरी अ‍ॅपने कमिशन कापलं, तरी काही वजा होत नाही. दुसऱ्या करारात या दोन्ही गोष्टी वजा जाऊन हातात येते ती विक्री. (कमिशन वजा करू देणारे करार कमीच. मिळाला तर त्याची किंमत ओळखा.)

आता अ‍ॅपवरची एक ऑर्डर घेऊ. मेन्यूप्रमाणे ५००. तुमच्या खिशातून १०० ची सवलत, ग्राहकाने दिले ४००. त्यावर अ‍ॅपचं २५ टक्के कमिशन, म्हणजे १००. तुमच्या हातात ३००. पहिल्या कराराने रॉयल्टी ५०० वर, म्हणजे ३०. हातात आलेल्या पैशाच्या चक्क १० टक्के! दुसऱ्या कराराने ३०० वर ७ टक्के, म्हणजे २१.

पण तेच ५०० चं बिल काउंटरवर, सवलतीशिवाय झालं तर पहिला करार ३० घेतो, दुसरा ३५. म्हणजे निवड तुमचा धंदा कुठून येणार यावर आहे. वरच्याच आकड्यांनी १०० ऑर्डरींचा हिशेब मांडला, तर अ‍ॅपवरच्या ऑर्डरी ३६ किंवा जास्त झाल्या की दुसरा करार स्वस्त पडतो. जाहिरात निधीही (ब्रँडच्या सामाईक जाहिरातींसाठी कंपनी घेते तो वाटा) बहुधा याच व्याख्येवर आकारतात. दोन्हीकडे तो २ टक्के धरला, तर ही रेघ २८ ऑर्डरींवर येते. बसून खाणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालणारी जागा असेल तर मी ६ टक्केवाला घेईन. छोटं किचन आणि सगळा भर डिलिव्हरीवर असेल तर बेलाशक ७ टक्केवाला.

ग्राहकाकडून घेऊन सरकारला भरायचा जीएसटीसारखा कर सहसा दोन्हीकडे वगळलेला असतो. परत केलेले पैसेही. कार्ड मशीनचं शुल्क मात्र बहुतेक ठिकाणी वजा होत नाही. टिप पूर्णपणे कर्मचाऱ्यांना जात असेल तर ती सहसा वगळतात. बिलात लावलेल्या सेवाशुल्काचं काय, ते विचारून घ्या.

गिफ्ट कार्डाशी जरा थांबा. रॉयल्टी कार्ड विकताना लागते की वापरताना? दोन्ही वेळा लागणार नाही, असं करारात स्पष्ट लिहिलेलं हवं, नाहीतर एकाच पैशावर दोनदा रॉयल्टी जाईल. दुसऱ्या शाखेत विकलेलं कार्ड तुमच्याकडे वापरलं गेलं, तर जेवण तुम्ही दिलेलं असतं आणि पैसे तिकडे जमा असतात. ते तुमच्याकडे कधी येणार, हेही विचारा. लॉयल्टी पॉइंटवर दिलेल्या मोफत पदार्थाचं तसंच. कंपनी भरपाई देत नसेल आणि वर पूर्ण किमतीवर रॉयल्टी घेत असेल, तर तिच्या योजनेचा भार तुम्ही दोनदा उचलता.

कर्मचाऱ्यांचं जेवण, उधारीवरची बुडालेली बिलं, बाहेरच्या समारंभांचं केटरिंग यांचा उल्लेख शोधा. दुकान बंद पडल्यावर मिळणारी विम्याची भरपाई अनेक करार विक्रीतच धरतात, हे वाचून पहिल्यांदा धक्का बसतो. पण त्यामागे हिशेब आहे: ती भरपाई बुडालेल्या विक्रीच्या जागी मिळते. जुना फ्रिज विकून आलेले पैसे मात्र विक्रीत धरू देऊ नका.

व्याख्या धूसर असली की ऑडिटच्या वेळी फटका बसतो. कंपनी तुमच्या बिलिंग यंत्रणेतले आकडे थेट बघते. कळवलेली विक्री खऱ्या विक्रीपेक्षा कमी निघाली, तर फरक आणि व्याज भरावं लागतं, आणि तफावत ठरावीक मर्यादेबाहेर असेल तर सहसा ऑडिटचा खर्चही तुमच्या माथी येतो.

सही करण्यापूर्वी दोन्ही कंपन्यांना अशी दहा बिलं द्या: एक सवलतीचं, एक अ‍ॅपवरचं, एक गिफ्ट कार्डाचं, एक रद्द झालेलं, असं. प्रत्येकावरची रॉयल्टी त्यांच्याकडून लेखी काढून घ्या आणि तो कागद कराराला परिशिष्ट म्हणून जोडायला सांगा.