फोनला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो: काच चांगली, चिमटा वैतागवाणा. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर फक्त काचेचं कौतुक केलं असतं, कारण तेव्हा माणूस मुंगीच्या मिशा बघूनच हरखलेला असतो.

डबीवर ‘10 एक्स’ छापलेलं असतं. त्यावरून फोटो दहापट मोठा येईल असं समजू नका. भिंगांच्या जुन्या हिशेबात 250 मिमीला फोकल लेंग्थने (भिंगापासून त्याच्या फोकसपर्यंतच्या अंतराने) भागलं की हा ‘एक्स’ मिळतो, म्हणजे ही 25 मिमीची लेन्स. वस्तू लेन्सपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावी लागते आणि फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. एवढ्यातही बरंच दिसतं. फुलपाखराच्या पंखावरचे खवले कौलांसारखे एकावर एक रचलेले कळतात. जास्वंदीचा परागकण 0.1 मिमीपेक्षा थोडा मोठा असतो, तो सुटा, गोल उमटतो. त्याच्यावरचे काटे मात्र दिसत नाहीत. फोन 50 मेगापिक्सेलचा असला तरी नाहीत, त्याला सूक्ष्मदर्शकच हवा.

फोनमध्ये अगदी जवळून फोटो काढायचा मॅक्रो मोड असताना वेगळी लेन्स कशाला, असं कोणीही विचारेल. बऱ्याच महाग फोनांत हा मोड म्हणजे जवळ फोकस होऊ शकणारा अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणारा कॅमेरा. 2021च्या आयफोन 13 प्रोमध्ये तो 2 सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो. फुलं, नाणी, कापडाची वीण यांसाठी मस्त, आणि खिशातून काढला की तयार. पण मागचा सगळा पसारा फ्रेममध्ये येतो आणि सावलीत फोटो लगेच दाणेदार होतो. मुख्य कॅमेऱ्यावर लावलेल्या लेन्समधून पार्श्वभूमी छान विरघळते. स्वस्त फोनांतल्या 2 मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

एक गोष्ट मात्र आधी करा. मॅक्रो मोड आपोआप सुरू होणारी सेटिंग बंद करा. नाहीतर वस्तू जवळ आली की फोन परस्पर अल्ट्रावाइडवर उडी मारतो आणि पडद्यावर लेन्सची काळी कड दिसायला लागते.

खरी झुंज फोकसशी. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा कायमचं उघडं, एफ/1.8 वगैरे. ते लहान करून फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढवायची सोय बहुतेक फोनांत नाही. त्यामुळे या अंतरावर हा पट्टा मिलिमीटरभराचा, कधी त्याहूनही कमी. कोळ्याचे डोळे टिपले की पाय धूसर. ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नका. पडद्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, फोन हळूच पुढे-मागे डोलवा आणि बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ एक फोटोंचा मारा सोडा. शंभरातले चार चांगले निघाले तरी खूश व्हा. थोडं मागे सरकून नंतर क्रॉप करणं ही माझी आवडती पळवाट: मोठेपणा कमी, पण किड्याचा जास्त भाग फोकसमध्ये.

उजेडाचंही तसंच. अडीच सेंटिमीटरवर फोनचीच सावली वस्तूवर पडते आणि फ्लॅशला लेन्सची नळीच आडवी येते. बाजूने छोटी टॉर्च आणि मध्ये ट्रेसिंग पेपर, एवढ्याने फोटोत जो फरक पडतो तो लेन्स बदलूनही पडणार नाही. भुंग्याच्या चकचकीत पाठीवर तर कागदाशिवाय फक्त पांढरा डाग येतो. किडे सकाळी लवकर गाठावेत. अंग गार असलं की ते सुस्त असतात आणि इतक्या जवळून डोकावणं सहन करतात.

आता चिमटा. दर वेळी कव्हर काढायचं, लेन्स कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर आणायची. केसभर सरकली की एक कोपरा काळा किंवा मऊ. कडांवर जांभळी झालर तर मध्यावर असतानाही थोडी दिसते. काही महिन्यांत रबर सैल पडलं आणि आता वाकून फोटो काढताना लेन्स आपोआप घसरते. आज घेतली असती तर कव्हरमध्येच आट्यांवर फिरवून बसणारी घेतली असती, चिमट्याची अजिबात नाही.

शिवाय शक्तीही कमी निवडली असती. आता माझा बहुतेक वेळ 10 डायॉप्टरच्या (चष्म्याच्या नंबरासारखं शक्तीचं माप, ‘10 एक्स’हून बरीच कमी शक्ती) लेन्सबरोबर जातो, तीही टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यावर. फोकल लेंग्थ 100 मिमी, म्हणून किडा तब्बल दहा सेंटिमीटर लांब राहतो, सावली पडत नाही, आणि 3 एक्स टेलिफोटोवर फ्रेम तरीही चार-पाच सेंटिमीटरचीच मिळते. अडचण एकच: उजेड कमी झाला की फोनचं स्वतःचं कॅमेरा ॲप गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातं आणि त्याचंच चित्र क्रॉप करून दाखवतं. कॅमेरा पक्का निवडू देणारं वेगळं ॲप टाकलं की हा प्रश्न मिटतो. ओळखायची खूण सोपी आहे: टेलिफोटोवर बोट ठेवा, पडद्यावरचं चित्र काळं झालं नाही तर दुसराच कॅमेरा चालू आहे.